हार्ट किती टक्के? : इकोच्या खोलीतली टिपणे

प्रोब जागेवर ठेवला, टिश्यू पेपर हातात दिला, की छातीवरची जेली पुसत पुसत पेशंट विचारतो, "डॉक्टर, हार्ट किती टक्के?" सिडकोतला असो की पैठण-गंगापूरकडचा, प्रश्न हाच. आमच्या भागाला टक्क्यांची सवय धरणाने लावली आहे. पावसाळा लागला की नाथसागर किती टक्के भरला हे आधी बघायचं, मग पेपरातलं बाकीचं. नळाला कित्येक दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात तो आकडा म्हणजे वर्षाचा हिशेब असतो.

पण धरणाचा टक्का असतो जिवंत साठ्याचा. शून्य टक्के झालं तरी तळाला मृतसाठा असतो आणि दुष्काळात आपण तोच उपसून प्यालो आहोत. हृदयाचा टक्काही असाच समजून घ्यावा लागतो. डावा खालचा कप्पा भरला की त्यात जेवढं रक्त असतं, त्यातलं एका ठोक्यात किती बाहेर गेलं, तेवढाच तो आकडा, रिपोर्टवरचा एलव्हीईएफ. साधारण 55 ते 70 म्हणजे चांगलं. शंभर कुणाचंच नसतं. मागे एका काकांना "साठ टक्के, उत्तम" इतकंच सांगून मी पुढचा पेशंट घेतला. थोड्या वेळाने बाहेर आलो तर ते बाकावर बसून मुलाला सांगत होते, "चाळीस टक्के गेलंय. आता शेताचं तू बघ." त्यांना परत आत नेलं, कागदावर चित्र काढून दाखवलं. तेव्हापासून आकडा सांगितला की त्याचा अर्थही तिथेच सांगतो, बाहेर कितीही गर्दी असली तरी.

आणि तरीही तो अर्धाच हिशेब आहे. बाहेर किती गेलं एवढंच त्यात कळतं. आत कसं आलं, सहज आलं की रेटून आणावं लागलं, हे त्या आकड्यात कुठेच नाही.

*

छावणीतल्या मावशी, वय 66. बीपी बारा वर्षांपासून, शुगर आठ. श्रावणात शुक्रवारी रात्री निघून शनिवारी पहाटे खुलताबादला भद्रा मारुतीच्या दर्शनाला पायी जायचा नेम. पडेगाव, मिटमिटा, शरणापूर फाटा, दौलताबाद आणि मग घाट. वीस वर्षांत खाडा नाही. यंदा घाटात तीनदा बसावं लागलं.

"सपाटीला काईच नाही बघा. चढ आला की दम लागायलाय. आन् रातच्याला एक उशी पुरंना."

मुलाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधीचा इको होता, दुसरीकडे काढलेला. शेवटची ओळ ठळक अक्षरांत : एलव्हीईएफ 60 टक्के, नॉर्मल स्टडी. "काही नाही, वजन कमी करा" म्हणून घरी पाठवलं होतं. त्यानंतर घरात सगळ्यांचं एकच सुरू झालं, की रिपोर्ट चांगला आहे, आईच मनाला लावून घेते. मावशी हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. दम लागतो म्हणणाऱ्या माणसाला कागद दाखवून गप्प बसवलं की तो पुढे सांगायचंच सोडून देतो. मग येतो तो थेट रात्री दोनला, कॅज्युअल्टीत.

*

"डाव्या कुशीवर वळा. डावा हात डोक्याखाली घ्या. असं."

दिवा बंद केला. छातीच्या टोकाशी, जिथे ठोका हाताला लागतो तिथे, प्रोब टेकवला. चारही कप्पे पडद्यावर आले. मायट्रल झडपेची दोन पानं उघडत होती, मिटत होती. त्या पानांच्या टोकांशी डॉपलरची, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी, खूण ठेवायची. इथे घाई चालत नाही. खूण थोडी आत किंवा बाहेर सरकली, प्रोब जरा तिरका झाला, तरी वेग चुकतो आणि पुढचा सगळा हिशेब त्या चुकीवर उभा राहतो.

"श्वास सोडा. थांबा."

दर ठोक्याला दोन टेकड्या उमटतात. पहिलीला ई म्हणतात : झडप उघडल्याबरोबर रक्त आपणहून खालच्या कप्प्यात धावतं, तो वेग. दुसरी ए : शेवटी वरचा कप्पा आवळतो आणि उरलंसुरलं ढकलतो, तो. विशीतल्या माणसाची पहिली टेकडी उंच, दुसरी ठेंगणी. स्नायू सैल व्हायला उशीर लागायला लागला की पहिली खचते आणि दुसरी चढते. आजार त्याहून पुढे गेला की वरच्या कप्प्यात दाब साठतो, तोच दाब रक्ताला आत रेटतो आणि पहिली टेकडी पुन्हा उंच होते. चित्र तरुण माणसासारखं दिसायला लागतं. मला या सगळ्या तपासणीत भीती वाटते ती या टप्प्याची. मावशींची ई होती सेकंदाला 96 सेंटिमीटर, ए 68. एवढ्यावर थांबलो असतो तर मीही नॉर्मलच लिहिलं असतं.

"मावशी, आता तोंड मिटा, नाक दाबा आणि पोटातून जोर लावा. परसाकडं बसल्यावर लावतो तसा."

लाजल्या, पण लावला. दहा सेकंद. छातीत दाब वाढला की हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं आणि वरच्या कप्प्याचा रेटा तेवढ्यापुरता उतरतो. ई घसरत 55 वर आली, ए 80 वर गेली. डोळ्यांदेखत टेकड्यांनी जागा बदलल्या.

मग रक्ताचा वेग सोडून स्नायूचाच वेग मोजला. झडप ज्या कड्याला बसवलेली असते ते कडं प्रत्येक भरणीच्या वेळी मागे सरकतं. स्नायू मोकळा असेल तर झटक्यात सरकतं, ताठर असेल तर रखडत. पडद्यावर हे रेघेच्या खाली उलट्या टेकडीसारखं दिसतं, त्याला ई-प्राइम म्हणतात. मावशींचा मधल्या भिंतीशी 5, बाहेरच्या भिंतीशी 7, सरासरी 6. रक्त 96 च्या वेगाने येतंय आणि स्नायू 6 च्या वेगाने जागा देतोय. भागाकार 16. अमेरिका आणि युरोपातल्या इको संघटनांनी 2016 मध्ये मिळून जी मार्गदर्शक सूत्रं दिली, त्यांत 14 च्या वर गेलेला भागाकार दाब वाढल्याच्या बाजूने धरतात. डावा वरचा कप्पा शरीराच्या आकारमानाच्या हिशेबात 34 मिलिलिटरपर्यंत असावा, मावशींचा 41. उजव्या झडपेतून मागे उडणाऱ्या धारेचा वेग 2.8 मीटरपर्यंत असावा, मावशींचा 3.1. टेकड्या तासाभरात बदलतात, पण वरचा कप्पा एका दिवसात मोठा होत नाही. महिनोन् महिने दाब सोसल्यावर तो फुगतो, म्हणून त्याच्या मापावर माझा भरवसा जास्त.

दिवा लावला. मुलाला म्हणालो, "आईंना खरंच दम लागतो. हे बघा, इथे दिसतंय." मावशी उठून बसल्या आणि पहिल्यांदा मुलाकडे बघितलं.

*

सैल होणं म्हणजे नुसतं सोडून देणं, असं वाटतं. हृदयाच्या बाबतीत तसं नाही. ठोका पडताना स्नायूच्या पेशीत कॅल्शियम सुटतं आणि धागे एकमेकांत अडकतात. मोकळं व्हायचं तर ते कॅल्शियम पंपाने उपसून पेशीतल्या कोठीत परत भरावं लागतं आणि धाग्यांची पकड सोडवावी लागते. दोन्हींना एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जळतं. ते संपलं की पकड सुटत नाही. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठ होतं ते याच कारणाने. म्हणून रक्तपुरवठा तुटायला लागला की आवळण्याच्या आधी सैल होण्यात बिघाड दिसतो. बीपीने भिंती जाड झाल्या, शुगर आणि वजनाने त्या ताठरल्या, की तेच.

*

पिळलेला ओला पंचा हातातून सोडला की तो आपणहून उलगडतो. हृदयही आवळताना पीळ घालतं आणि सुटताना उलगडतं. त्या उलगडण्यात ओढ असते, रक्त वरून ढकलायच्या आधीच खाली खेचलं जातं. आमच्याकडे नळाला पाणी आलं की गल्लीत मोटारी सुरू होतात. मोटार असली की कमी दाबाचं पाणीही ओढता येतं. मोटार बंद पडली तर टाकी भरायला मुख्य लाइनलाच दाब हवा. मावशींच्या हृदयाची ओढ गेली आहे, म्हणून मागून दाब लागतो. आणि मागे काय आहे? फुप्फुसं.

*

शिकताना आम्ही घाटीत होतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, 1956 सालचं. ड्यूटी संपली की जवळच पाणचक्कीला जाऊन बसायचं. कित्येक किलोमीटरवरून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आलेलं पाणी तिथे भिंतीच्या माथ्यावर चढतं आणि हौदात कोसळतं. मलिक अंबरने सतराव्या शतकात या शहराला नहर दिली. अशा नहरींच्या वाटेवर ठिकठिकाणी उंच बंब बांधलेले असत. नळातली हवा आणि दाब त्या बंबांतून मोकळा व्हायचा, म्हणून मातीचे नळ टिकले. फुप्फुसं आणि हृदय यांच्यामध्ये असा बंब नाही. डाव्या कप्प्यात दाब वाढला की तो वरच्या कप्प्यात, तिथून फुप्फुसांच्या शिरांत, तिथून केशवाहिन्यांत मागे मागे जातो आणि शेवटी पाणी हवेच्या जागेत झिरपतं. त्यालाच आपण दम म्हणतो. आडवं झालं की पायांतलं रक्त छातीकडे येतं, दाब आणखी वाढतो, म्हणून दुसरी उशी.

*

मिनिटाला 72 ठोके असताना एका ठोक्याला साधारण 0.83 सेकंद मिळतात. त्यातले 0.3 आवळायला, अर्धा सेकंद भरायला. घाट चढताना ठोके 120 झाले की अख्खा ठोका अर्ध्या सेकंदात उरकायचा असतो. आवळण्याचा वेळ थोडाच कमी होतो, काट बसते ती भरण्याला. ज्या हृदयाला सैल व्हायलाच वेळ लागतो त्याचं चढावर काय होत असेल? टेबलावर निवांत झोपवून काढलेला इको चांगला आणि जिना चढताना धाप, असे पेशंट असतात. त्यांना पायंडल मारायला लावून किंवा ट्रेडमिलवर चालवून लगेच पुन्हा मोजावं लागतं. सगळीकडे ती सोय नाही, वेळही नाही. निदान ही शक्यता डोक्यात असावी.

*

हृदयाच्या डाव्या भिंतीला रक्त मुख्यतः ती सैल असतानाच मिळतं. आवळलेल्या स्नायूतून रक्तवाहिनी चेपली जाते. सगळ्या शरीराला पुरवून झाल्यावर स्वतःसाठी त्याला तेवढीच सवड.

*

इकोचा जन्मच भरण्याच्या प्रश्नातून झाला, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. स्वीडनमधलं लुंड. इंगे एडलर हे हृदयाचे डॉक्टर आणि हेलमुथ हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ. एडलरना हवं होतं मायट्रल झडप किती आकसली आहे ते ऑपरेशनच्या आधी कळणं. हर्ट्झना माहीत होतं की माल्मोच्या जहाजबांधणी कारखान्यात लोखंडातल्या भेगा ध्वनिलहरींनी शोधतात. आधी तिथलं यंत्र वापरून बघितलं, मग सीमेन्सचं यंत्र मिळालं आणि 29 ऑक्टोबर 1953 ला हृदयाची हलती नोंद झाली. पुढे त्यांच्या लक्षात आलं की आकसलेल्या झडपेचं पान भरणीच्या काळात हळू मिटतं, त्या रेघेचा उतार मंद असतो. हा उतार बरीच वर्षं निदानाला वापरला गेला. नंतर कळलं की झडप चांगली असून कप्पा ताठर असला तरीही तो मंदावतो. म्हणजे ताठर हृदयाची खूण कागदावर उमटत होती, ती वाचता यायला वेळ लागला. 1980 च्या दशकात लिव्ह हॅटले या नॉर्वेच्या डॉक्टरबाईंनी डॉपलरच्या टेकड्यांवर जे काम केलं, त्यातून ते वाचन शिकता आलं.

*

आता उलट बाजू. एक आजोबा आले, वय 72, रोज सकाळी विद्यापीठाच्या रस्त्याने चार किलोमीटर चालणारे. विम्यासाठी तपासण्या केल्या, त्यात इको. रिपोर्टवर "ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन", म्हणजे सैल होण्यात पहिल्या पायरीचा बिघाड. पंधरा दिवसांपासून चालणं बंद. घरातल्यांनी जिना चढू दिला नाही, बिछाना खाली हॉलमध्ये आणला. मला येऊन म्हणाले, "फेल्युअरची पहिली पायरी आहे ना ही?"

साठी-पासष्टी ओलांडली की ई टेकडी ए पेक्षा ठेंगणी होणं ही बहुतेकांची गोष्ट आहे. केस पांढरे होतात तसंच. बाकी मापं चांगली, वरचा कप्पा नेहमीएवढा, दम नाही, सूज नाही. तरी रिपोर्टच्या छापील साच्यात ती ओळ येऊन बसते. वय न बघता दोन टेकड्यांवरून शिक्का मारणं मला पटत नाही. ज्यांना आजार आहे त्यांच्या कागदावर नॉर्मल आणि ज्यांना नाही त्यांच्या कागदावर डिसफंक्शन, हे दोन्ही मी एकाच आठवड्यात बघितलं आहे आणि दोन्हींचं मूळ एकच : अर्धवट मोजणी. आजोबांना त्याच दिवशी संध्याकाळी फिरायला पाठवलं.

*

इकोच्या खोलीत भिंतीवर पाटी आहे : येथे गर्भलिंग निदान केले जात नाही. कायद्याने सोनोग्राफीचं यंत्र नोंदवावं लागतं, त्यात हृदयाचं यंत्रही येतं. आजोबांनी ती वाचली आणि विचारलं, इथे कशाला? मी सांगितलं, यंत्राचं तत्त्व एकच आहे, ध्वनिलहरी. ते बराच वेळ पाटीकडे बघत राहिले.

*

एक तरुण, सव्वीस-सत्तावीसचा, कन्नडकडचा. पोटात पाणी, पायांना सूज, मानेच्या शिरा टरटरलेल्या. दारू नाही, तरी गावात लिव्हरचा इलाज चालू होता. पाच वर्षांपूर्वी टीबी होऊन गेलेला. इकोमध्ये टक्के चांगले, पण पहिली टेकडी अतिशय उंच आणि टोकदार, श्वास घेतला की कमी, सोडला की जास्त. भरणं एकदम सुरू होऊन एकदम अडत होतं. मग ई-प्राइम बघितला. स्नायू ताठर असता तर तो खाली आला असता. त्याचा मधल्या भिंतीशी 14. बाहेरच्या भिंतीशी उलट कमी. म्हणजे स्नायू चांगला होता, हृदयाभोवतीची पिशवी टीबीने कडक होऊन त्याला बाहेरून आवळत होती. आतून ताठरलेलं हृदय आणि बाहेरून बांधलेलं हृदय, दोघांची लक्षणं सारखी, पण एकाला मुख्यतः गोळ्यांवरच राहावं लागतं आणि दुसऱ्याची पिशवी ऑपरेशनने काढता येते. या एका उलट्या टेकडीपायी मी त्या मापाचा कायमचा ऋणी आहे. टीबी असलेल्या आपल्या मुलखात इको करणाऱ्याने हे माप कधीच गाळू नये. मुलाला पुढे सर्जनकडे पाठवलं. ऑपरेशननंतर दाखवायला आला तेव्हा पँट कमरेवर दोरीने बांधली होती, इतकं पोट उतरलं होतं.

*

सगळ्यांचं ठरतंच असं नाही. चार मापांपैकी दोन एकीकडे, दोन दुसरीकडे, असं झालं की 2016 ची सूत्रं सांगतात, अनिर्णित लिहा. एट्रियल फिब्रिलेशन असेल तर वरचा कप्पा नुसता थरथरतो, दुसरी टेकडी उमटतच नाही. मग अनेक ठोक्यांची सरासरी काढायची, वेगळी मापं बघायची. झडपेच्या कड्यावर चुना साठला असेल तर ई-प्राइमवर विसंबता येत नाही. अनिर्णित हा शब्द लिहायला नवीन मुलं कचरतात. मी त्यांना सांगतो, लिहा, आणि पेशंटला दम किती पावलांवर लागतो ते शेजारी लिहा.

*

हार्ट फेल्युअरच्या जवळजवळ निम्म्या पेशंटांचा टक्का चांगला असतो. या आजाराला ठामपणे गुण देणारं औषध फार वर्षं नव्हतं. 2021 मध्ये एम्पाग्लिफ्लोझिन आणि 2022 मध्ये डापाग्लिफ्लोझिन, अशा शुगरच्या दोन गोळ्यांच्या मोठ्या चाचण्यांतून दिसलं की या पेशंटांचं हॉस्पिटलात भरती होणं कमी होतं, शुगर नसली तरी. आपल्याकडे दोन्हींची पेटंटं संपली आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. आता निदानच झालं नाही तर ती स्वस्ताई काय कामाची? मेडिकलवर गोळी आहे आणि पेशंटच्या पिशवीत "नॉर्मल" लिहिलेला कागद आहे, याचा मला त्रास होतो.

*

मावशींना बीपीची गोळी वाढवली, लघवीची थोडी दिली, डापा सुरू केली. मीठ कमी. लोणचं-पापड बंद म्हटल्यावर चेहरा उतरला, शेवटी आठवड्यातून एकदा एका फोडीवर सौदा झाला. लघवीच्या जागी खाज आली तर लपवू नका, हे दोनदा सांगितलं, कारण ही बायकांनी न सांगण्यातली गोष्ट.

तीन महिन्यांनी पुन्हा इको. ई 96 वरून 70. भागाकार बाराच्या आत. उशी एकच. ई-प्राइम मात्र तेवढाच, 5 आणि 7. स्नायू बदललेला नाही, त्याच्यावरचा दाब उतरला आहे. मुलगा म्हणाला, "म्हणजे बरं झालं का नाही?" त्याला दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दिले आणि कोणता गोळ्यांनी हलतो, कोणता सहसा हलत नाही, ते सांगितलं. मावशींनी कागद हातात घेतला, घडी घालून कनवटीला खोचला.

मग श्रावणाचं विचारलं. आम्ही बसून ठरवलं : शरणापूर फाट्यापर्यंत चालत, वाटेत पडेगावला आणि मिटमिट्याला थांबून. पुढचा घाट रिक्षाने.